लेखकाला कळवलं आहे

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. एकोणतीस वर्षं झाली. हे वाक्य असं सरळ लिहायलाही मला तीन कागद लागले. पहिल्यावर मी ‘उत्तर द्यायचं राहून गेलं’ असं लिहिलं होतं, दुसऱ्यावर ‘उत्तर देणं जमलं नाही’. राहून जाते ती छत्री. पत्र मी ठेवून दिलं होतं, मोठ्या शब्दकोशाच्या मागे, आणि ते तिथे आहे हे मला रोज ठाऊक होतं. निळ्या शाईतलं, उजवीकडे झुकलेलं अक्षर, अडीच पानं, आणि सोबत घडी घातलेलं एक पाकीट. पाकिटावर पत्र लिहिणारीनं स्वतःचाच पत्ता लिहून तिकीट लावून ठेवलं होतं. मला फक्त दोन ओळी लिहायच्या होत्या. ‘दोन ओळी’ हे शब्द तिचेच. ती दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठात संशोधन करत होती. माझ्या शोधनिबंधातलं शेवटचं प्रमेय आपल्याला सिद्ध करता येत नाही, चूक बहुधा आपलीच असेल, परंतु सोबत एक छोटं उदाहरण जोडलं आहे ते कृपया पाहावं, असं तिनं लिहिलं होतं. पुढे, जरा संकोचानं, की तिचे मार्गदर्शक म्हणतात, छापलेल्यापेक्षा तुला जास्त कळतं का. लेखकानं स्वतः मान्य केलं तरच हे प्रकरण पुढे जाईल. ‘माझी मुदत मार्चअखेर संपते. तोवर आपल्याकडून दोन ओळी आल्या तर पुरेशा आहेत.’ पत्र जानेवारीत आलं होतं. मला वेळ भरपूर होता, हे मुद्दाम नोंदवतो.

गेल्या रविवारी सकाळी पुतणी आली. ती आली की घरात थोडा आवाज होतो, आणि तो मला हवासा वाटतो, जरी मी तोंडानं म्हणतो की किती बडबडतेस. ती एका कंपनीत काम करते. रस्त्यांचे बोगदे बांधले जातात, त्यांतली हवा किती तापेल, पंखे कुठे लावले तर उष्णता कुठे जाईल, याची आकडेमोड करते. आमच्या घराण्यात माझ्या विषयाच्या जवळ आलेली ती एकटीच, आणि लहानपणापासून ती लोकांना सांगत आली आहे की अभ्यासाच्या पुस्तकात ज्यांचं प्रमेय आहे ते माझे काका. तिनं जेवणाच्या टेबलावर संगणक उघडला, चष्मा लावा म्हणाली, आणि पडद्यावर आकड्यांचा एक रकाना दाखवला. प्रत्येक फेरीनंतर उरलेली चूक. आकडे उतरत होते. चाळीस फेऱ्या ते सुरेख उतरले, मग रेंगाळले, मग एक आकडा आधीच्यापेक्षा किंचित मोठा आला, नंतरचा आणखी मोठा, आणि मग बघता बघता ते इतके लांब झाले की पडद्यात मावेनात. ती म्हणाली, आठवडाभर मी माझ्याच प्रोग्रॅममधली चूक शोधत होते, काका. मग कंपनीचा एक जुना प्रोग्रॅम उघडला, वीसेक वर्षांपूर्वीचा, त्यात बरोबर याच जागी कुणीतरी टीप लिहून ठेवलेली सापडली. ती तिनं वाचून दाखवली.

“‘हवा वाहती असेल तर हे प्रमेय वापरू नये. ते चूक आहे. लेखकाला कळवलं आहे. उत्तर नाही.’ काका, कुणी कळवलं होतं का तुम्हाला?”

“आठवत नाही,” मी म्हणालो.

स्वयंपाकघरात नळ चालू होता, तो बंद झाला. एवढंच. पुतणीनं मान डोलावली, तिचा लगेच विश्वास बसला, आणि ती उदारपणे म्हणाली की त्या काळी पत्रं गहाळही व्हायची. मग तिनं चहा घेतला, दुसरी पद्धत लावली की चालतं म्हणाली, काम काही अडलेलं नाही, आणि जाताना नेहमीप्रमाणे वाकून नमस्कार केला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मला कुणा दुसऱ्याचा वाटला.

आमचं काम म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सांगण्यात थोडा वेळही जाईल, आणि मला तो हवा आहे. बोगद्यात लाखभर ठिकाणं धरा. प्रत्येक ठिकाणचं तापमान फक्त शेजारच्या चारसहा ठिकाणांवर अवलंबून असतं. म्हणजे लाख समीकरणं, आणि प्रत्येकात जेमतेम सहासात अज्ञात. बाकी सगळीकडे शून्य. आकड्यांच्या अशा चौकटीला, म्हणजे मॅट्रिक्सला, विरळ म्हणतात. ती एका घावात सोडवायला गेलं तर यंत्र गुदमरतं. म्हणून तिचे दोन भाग करायचे: एक सोपा, जो चटकन सुटतो, आणि एक उरलेला. सुरुवातीला उत्तर म्हणून काहीही धरायचं, अगदी चुकीचं. उरलेल्या भागात ते घालायचं, सोपा भाग सोडवायचा, थोडं बरं उत्तर मिळतं. ते पुन्हा घालायचं. दर फेरीला चूक थोडी कमी होत गेली तर आपण खऱ्या उत्तराकडे सरकतो. याला अभिसरण म्हणतात. मला या विषयाचं वेड लागलं ते याच कारणानं. सुरुवात कशीही असो, काहीही धरून निघा, शेवटी पोचताच. भित्र्या माणसाला याहून मोठा दिलासा कुठे मिळणार होता? माझ्या निबंधात मी दाखवलं होतं, की मॅट्रिक्सचे असे भाग दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी केले, आणि दोन्ही तऱ्हा एकेकट्या उत्तराकडे जात असल्या, तर त्या आळीपाळीनं वापरल्या तरीही उत्तराकडेच जातात, आणि बहुधा लवकर. हवा स्थिर असेल तेव्हा हे खरं आहे. ते अजूनही खरं आहे, त्याला कुणी हात लावू शकत नाही. पण शेवटच्या विभागात मी पुढे गेलो आणि लिहिलं की हवा वाहती असली तरी हीच सिद्धता लागू पडते. पंखे लावले तरी. लोकांना तोच विभाग आवडला. पुस्तकात गेला तोही तोच.

पत्र आलं त्या दिवशी दुपारी गणित विभागातल्या माझ्या खोलीत मी तिचं उदाहरण तपासायला बसलो. लाख समीकरणं नव्हती. दोन होती. दोन ओळी, दोन रकाने, आणि आकडे शून्य आणि दोन एवढेच. शाळेतल्या पोरानं पाटीवर करावं असं. पहिली पद्धत एकटी लावली की दुसऱ्या फेरीला चूक शून्य. दुसरी एकटी लावली की तिचंही तेच. आळीपाळीनं लावल्या की दर जोडीला चूक चौपट. मी तीनदा केलं. तिसऱ्यांदा करताना मला बोट कुठे ठेवायचं ते कळलं होतं, आणि ती जागा तिनं पत्रात आधीच दाखवून दिलेली होती, माझ्यापेक्षा मऊ शब्दांत. चूक कमी होते म्हणायचं तर ती कशानं तरी मोजावी लागते. पहिल्या पद्धतीत ती एका मोजपट्टीनं कमी होत होती, दुसरीत दुसऱ्या. हवा स्थिर असते तेव्हा दोन्हींना एकच पट्टी पुरते. हवा वाहू लागली की दोन लागतात, आणि एका पट्टीनं आखडलेली चूक दुसरीनं मोजली तर वाढलेली निघते. मी सिद्धतेत दोन्ही पट्ट्यांना एकच चिन्ह दिलं होतं. एकदा चिन्ह एक झालं की हाताला वाटू लागतं, पट्टीही एकच आहे. लिहिताना त्या ओळीपाशी माझं पेन थबकलं होतं का? मला ते इतक्या वेळा आठवून पाहावं लागलं आहे की आता आठवणीत पेन थबकतंच. खरं काय होतं ते गेलं.

त्याच वेळी शेजारच्या खोलीतला भूमितीवाला दारात येऊन उभा राहिला. त्याची जीभ म्हणजे करवत. म्हणाला, काय राव, मॅट्रिक्स विरळ, वर्गात विद्यार्थी विरळ, डोक्यावर केस विरळ, आता प्राध्यापकपद तरी भरगच्च मिळू द्या. मी हसलो आणि हाताची वही पत्रावर आणि निबंधावर ओढली. एप्रिलमध्ये मुलाखत होती. जागा एक, उमेदवार दोघं, तो आणि मी. माझ्या बाजूनं बोलणारी गोष्ट एकच होती, तो निबंध, आणि त्याच्या शेवटच्या पानावर माझी वही पडलेली होती. मी स्वतःला सांगितलं, मुलाखत होऊ दे, मग लिहू. हे काही फार मोठं पाप नाही असं मला वाटलं. जगात माणसं काय काय करतात. मार्चअखेर आणि एप्रिल यांत फार तर पंधरा दिवसांचं अंतर. ते पंधरा दिवस कुणाचे होते, हे मी मोजलं नाही. किंवा माझ्या पट्टीनं मोजलं.

आणि तिकिटाची गोष्ट. ती मी आजवर कुणालाही सांगितली नव्हती. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात प्राध्यापकपदाच्या अर्जासोबत निबंधाच्या प्रती पाठवायच्या होत्या. लखोटा तयार होता, घरात तिकीट नव्हतं, बाहेर ऊन होतं. मी शब्दकोशामागून तिचं पाकीट काढलं, किटलीच्या वाफेवर धरलं आणि तिकीट सोडवून माझ्या लखोट्यावर चिकटवलं. कोपऱ्यात फिकट चौकोन राहिला. मला मुळीच लाज वाटली नाही. त्या क्षणी मला ते काटकसरीचं वाटलं. तिच्या तिकिटावर माझा अर्ज गेला, आणि आत तेच प्रमेय होतं.

प्राध्यापक झालो. भूमितीवाला हार घेऊन आला आणि त्यानं मनापासून मिठी मारली. तो तोंडाचा फाटका आणि मनाचा मोठा माणूस होता, तीन वर्षांनी नोकरी सोडून गेला. मी उत्तराचे खर्डे लिहू लागलो. पहिला खर्डा पाच पानांचा होता, त्यात मी विषयाचा इतिहास दिला होता. दुसऱ्यात इतिहास कमी आणि सबबी जास्त. तिसऱ्यात मी जाणवण्याइतका नम्र झालो. प्रत्येक खर्डा आधीच्यातून निघायचा: सोपा भाग तेवढा सोडवायचा, उरलेला पुढच्या खर्ड्यात ढकलायचा. वाचकाला वाटेल हे मी आता जुळवतो आहे. नाही, तेव्हाही मला ते दिसत होतं आणि त्याची मला मौजसुद्धा वाटत होती, इतका मी निबर झालो होतो. अकरा खर्डे. अकराव्यात तिचं उदाहरण ‘उद्बोधक’ होतं आणि माझं प्रमेय ‘काही अटींवर पुन्हा तपासण्याजोगं’. तो मी फाडला. तोवर मुदत केव्हाच उलटून गेली होती, आणि उत्तर न देण्यापेक्षा उशिरा उत्तर देणं जास्त अपमानाचं वाटू लागलं. कुणाच्या अपमानाचं, हा प्रश्न मी उघडला नाही. निवृत्तीच्या समारंभात विभागप्रमुखांनी ते प्रमेय फळ्यावर लिहिलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलो होतो, आणि नंतर सगळे म्हणाले, सरांचा विनय बघा.

पुतणी गेल्यावर मी जेवलो नाही. ही, माझी बायको, ताट वाढून बसली होती. आमच्यात बोलणं कमीच. चाळीस वर्षं तिनं शाळेत भूगोल शिकवला, घरी आल्यावर तिला बोलण्याचा कंटाळा येई, आणि मला तर जन्मजातच. मी म्हणालो की भूक नाही, पित्त झालंय. तिनं वरणाचं भांडं झाकलं.

“पित्त कसलं. त्या पाकिटावरचं तिकीट तुम्ही वाफेवर काढत होतात तेव्हा मी दारात उभी होते.”

ती सांगत राहिली, अगदी शांतपणे, धुणं वाळत घालताना बोलावं तसं. तेव्हा तिला वाटलं होतं, कुणा बाईचं पत्र आहे म्हणून हा माणूस लपवतोय. महिनाभर तिनं डोळ्यांत तेल घालून पाहिलं. मग एक दिवस मी बाहेर असताना शब्दकोश बाजूला सारला आणि पत्र वाचलं. गणित कळलं नाही, पण मार्चअखेर कळलं. तेव्हा मे महिना होता.

“बाईचंच होतं,” मी म्हणालो. का म्हणालो कुणास ठाऊक. विनोदासारखं काहीतरी करायचं होतं.

“हो. पण गणिताचं. तसलं असतं तर निदान उत्तर तरी दिलं असतंत.”

मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस. ती म्हणाली, “तुम्ही सांगाल म्हणून थांबले. आधी वाटलं, वर्षभरात सांगतील. मग वाटलं, निवृत्त झाल्यावर. मग सवय झाली.” तिनं माझं ताट उचललं आणि त्यातली पोळी डब्यात परत ठेवली. मला वाटत होतं की दर वर्षी आम्ही जरा जवळ येतो आहोत. भांडणं कमी झाली होती, एकमेकांची औषधं लक्षात राहू लागली होती. माझ्या पट्टीनं अंतर उतरत होतं. तिच्या पट्टीनं काय होत होतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी मी पुतणीला फोन केला. सकाळी मी खोटं बोललो असं म्हणालो. पत्र मिळालं होतं, ती टीप खरी आहे, प्रमेय चूक आहे. मग ती म्हणाली, “मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं होतं, काका, की पत्र गहाळ झालं असणार.” तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे धरायला काही मिळेना. मी तिला पत्राखालचं नाव सांगितलं आणि विनंती केली की ती टीप लिहिणारी हीच बाई का, आता कुठे असते, हे शोधून दे. ती ‘बरं’ म्हणाली. एरवी ती ‘बरं काका’ म्हणते.

बुधवारी तिनं कळवलं. टीप त्याच बाईंची. त्यांनी ते संशोधन अर्धवट सोडलं आणि कंपनीत प्रोग्रॅम लिहायला लागल्या. पदवी नाही म्हणून कधी वरच्या जागेवर गेल्या नाहीत. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या, आता बहिणीकडे असतात, पत्ता हा. कंपनीत त्यांना टीपबाई म्हणत. जिथे काही बिघडलेलं दिसेल तिथे टीप लिहून ठेवायच्या. चहाच्या यंत्रावर त्यांची एक चिठ्ठी अजून चिकटलेली आहे म्हणे: ‘बटण दाबलं तरी साखर येत नाही. कळवलं आहे.’ पुतणीला हे सांगताना हसू आलं आणि मग आपण कुणाशी बोलतो आहोत हे आठवून ते थांबलं. टीपबाईंनी विद्यापीठ का सोडलं, हे कंपनीत कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी ते कुठेही लिहून ठेवलं नव्हतं. जिथे माझ्या नावाची शोभा करता आली असती तिथेही त्यांनी फक्त लिहिलं, लेखकाला कळवलं आहे, उत्तर नाही. ही दोन्ही वाक्यं मला गणित म्हणून फार चांगली वाटतात. त्यांत एक शब्द जास्त नाही.

गुरुवारी मी बारावा खर्डा लिहायला बसलो. क्षमा मागावी असं मनात होतं, आणि अर्धं पान मागितलीही. वाचून पाहिलं तर त्यात ‘मी’ हा शब्द चौदा वेळा आला होता. तो कागद बाजूला ठेवला आणि तिनं मागितलं होतं तेवढंच लिहिलं. ‘तुमचं उदाहरण बरोबर आहे. माझं शेवटचं प्रमेय चूक आहे.’ खाली सही. दुसऱ्या कागदावर नियतकालिकासाठी दुरुस्ती लिहिली: प्रमेय मागे घेत आहे, प्रतिउदाहरण अमुक यांचं, मला एकोणतीस वर्षांपूर्वी पत्रानं कळवलं होतं, तारीख अशी. हा कागद लिहिताना मात्र मी दोनदा खुर्चीवरून उठलो. पुस्तकातून नाव जाईल याची भीती अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही इतकी जिवंत असेल असं मला वाटलं नव्हतं. संपादकांची प्रत वेगळ्या लखोट्यात घातली, आणि एक प्रत तिच्या पत्रात. पाकीट तिचंच घेतलं. ते पिवळं पडलं होतं, घडीवर तुटायला आलं होतं. तिच्या झुकलेल्या अक्षरातला जुना पत्ता मी एका रेघेनं खोडला आणि शेजारी नवा लिहिला. नवं पाकीट घेता आलं असतं. पण नवं पाकीट म्हणजे आजच सुचल्यासारखं झालं असतं.

ही माझ्याबरोबर पोस्टापर्यंत आली. न सांगता चपला घालून दारात उभी होती. वाटेत तिनं विचारलं, किती लिहिलंत? मी म्हणालो, दोन ओळी. पुढच्या वळणापर्यंत गेल्यावर ती म्हणाली, दोन ओळींना लागतोच वेळ. टोमणा होता की नाही, मला ठरवता आलं नाही. काउंटरवरच्या मुलीनं पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि आजोबा, हे फाटेल हं, म्हणाली. मी तिकीट घेतलं. आताची तिकिटं लहान असतात. फिकट चौकोनावर ते चिकटवलं तर चारही बाजूंनी चौकोन उरला, खिडकीच्या चौकटीसारखा. हिनं ते पाहिलं.

बाहेर लाल डबा होता. संपादकांचा लखोटा मी आधी टाकला, कारण तो उरला असता तर मी घरी घेऊन गेलो असतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग तिचं पाकीट फटीत घातलं आणि सोडलं. आवाज आला नाही. पूर्वीपासून मला सवय आहे, पत्र अडकलं तर नाही ना म्हणून फटीत बोटं घालून बघायची. ही दर वेळी हसते. या वेळी ती हसली नाही, पिशवी दुसऱ्या हातात घेऊन थांबून राहिली. मी मनगटापर्यंत हात आत घातला. बोटांना काहीच लागलं नाही.